नेणीव म्हणा, सुप्त मन नको

सांगलीच्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड, त्याच्या वाटेने जाणारे, मनाच्या आतल्या थरात आणि लहानपणच्या अनुभवांत शिरणारे जे उपचार आहेत, त्यांवर कॉलेजच्या भित्तिपत्रकात लेख लिहायचा आहे. आपल्या नकळत काम करणाऱ्या मनाच्या त्या भागाला पाठ्यपुस्तक 'अबोध मन' म्हणतं, सर 'अचेतन' म्हणतात, बाकी सगळे 'सुप्त मन' नाहीतर 'सबकॉन्शस'. यातला बरोबर कोणता? आणि थेरपीला उपचार म्हणायचं की चिकित्सा?

आधी सबकॉन्शस निकालात काढू, कारण ऐकून ऐकून कान किटले आहेत. साताऱ्यात पोवई नाक्यावर वरचेवर कुठल्या ना कुठल्या शिबिराचा फलक लागतो: सबकॉन्शस माइंडची अफाट शक्ती जागवा! कोपऱ्यात फ्रॉइडचा दाढीवाला फोटो. अहो, ज्याचा फोटो लावता त्यानेच हा शब्द धुडकावला होता. १९१५ सालच्या निबंधात त्याने तो चुकीचा आणि दिशाभूल करणारा आहे असं सरळ लिहून ठेवलंय. तो शब्द पॅरिसच्या पिएर जाने या मानसशास्त्रज्ञाचा. ज्याचं त्याला द्यावं.

'सुप्त' तर त्याहून वाईट. सुप्त म्हणजे झोपलेलं. हे मन कधी झोपतं? आपण झोपलो की ते जास्तच कामाला लागतं, फ्रॉइडचा स्वप्नांवरचा अख्खा ग्रंथ याच म्हणण्यावर उभा आहे. 'अचेतन' म्हणजे दगडधोंडे. शाळेत सचेतन-अचेतनच्या जोड्या आपण सगळ्यांनीच लावल्या आहेत. 'अबोध' म्हटलं की रांगणारं लेकरू डोळ्यांपुढे येतं. परिभाषा ठरवणाऱ्या पंडितांनी संस्कृतच्या कपाटात हात घातला आणि पहिला हाताला लागला तो शब्द बाहेर काढला. घरातल्या फडताळात काय आहे ते कोणी पाहिलंच नाही.

तिथे 'नेणीव' आहे, निदान सातशे वर्षांपासून. हरिपाठ म्हणणाऱ्या कुठल्याही घरात विचारा, 'जाणीव नेणीव भगवंती नाही' हे तोंडपाठ असतं. आणि या शब्दाची घडण तर बघत राहावी अशी आहे. संस्कृतात 'न जानाति', म्हणजे जाणत नाही. प्राकृतात दोन स्वरांमधला 'ज' गळतो आणि त्याच्या जागी हलका 'य' येतो: 'ण याणइ'. पुढे मराठीत या दोन शब्दांमधली फटच बुजते आणि 'अय'चा 'ए' होतो. कदलीची कयली आणि कयलीची केळ झाली, मदनाचं मयण आणि मयणाचं मेण झालं, त्याच वाटेने 'न याण'चं 'नेण' झालं. नेणणे! नकार क्रियापदाच्या पोटात विरघळला. असणेचं नसणे झालं तसंच जाणणेचं नेणणे.

माझा सगळा जीव इथे अडकलाय. अज्ञान म्हणजे ज्ञानाचा अभाव, रिकामी जागा. नेणणे ही क्रिया आहे. माणूस नेणतो. चालतो, खातो, तसा नेणतो. फ्रॉइडचं दमन म्हणजे दुसरं काय? माहीत नसणं वेगळं आणि मनाने एखादी गोष्ट मेहनत घेऊन बाहेर ठेवणं वेगळं. त्याचंच उदाहरण घ्या. १८९८ साली हर्झेगोविनात गाडीतून जाताना सहप्रवाशाशी बोलता बोलता त्याला ऑर्व्हिएतोच्या भित्तिचित्रांच्या चित्रकाराचं नाव आठवेना. बोत्तिचेल्ली आठवला, बोल्त्राफ्फिओ आठवला, हवा तो सिग्नोरेल्ली काही केल्या येईना; चित्रकाराचा चेहरा मात्र डोळ्यांसमोर लख्ख. पुढे धागे उलगडताना त्याला सापडलं ते असं: त्राफोई गावी असताना त्याच्या एका रुग्णाने जीव दिल्याची बातमी त्याला कळली होती. तो विषय त्याने मनातून बाजूला सारला, आणि सारताना चित्रकाराचं नावही त्याबरोबर ओढलं गेलं. बोल्त्राफ्फिओच्या शेपटाला त्राफोई लटकलेलंच होतं! याला 'त्याला ठाऊक नव्हतं' कसं म्हणणार? तो नेणला. अबोध, अचेतन, सुप्त या तिन्ही विशेषणांतून असं क्रियापद काढून दाखवा, मी वाद सोडून देतो.

कोणी म्हणेल, नेणता म्हणजेही लहान पोरच की. जात्यावरच्या ओव्यांत 'नेणंती मैना' येते ती लहानगी लेकच. बरोबर. पण नेणता हा माणूस, नेणीव ही त्याच्या मनाची अवस्था. समर्थांनी शिवरायांना 'जाणता राजा' म्हटलं, म्हणून जाणीव म्हणजे राजेपण होत नाही.

आणि आता माझ्या मते सगळ्यात गोड पुरावा. फ्रॉइडचा मूळ जर्मन शब्द 'उनबेवुस्ट'. त्यातला 'वुस्ट' हा 'विसेन'मधला, म्हणजे जाणणे. ते 'विसेन' आणि आपला 'विद्' एकाच मुळाचे, आणि 'उन' म्हणजे आपला नकाराचा 'अ'. त्यात झोप नाही, दगड नाही, लेकरूही नाही. आहे ते फक्त न-जाणलेलं. म्हणजे नेणीव! बंगालीत याला 'निर्ज्ञान' म्हणतात. १९२२ साली कलकत्त्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था काढणारे आणि खुद्द फ्रॉइडशी पत्रव्यवहार करणारे गिरींद्रशेखर बोस बंगालीतही लिहायचे. 'निर्ज्ञान'मध्येही जाणण्याचा 'ज्ञा' धातूच. मराठी समीक्षकांनी मानसशास्त्रज्ञ युंगच्या कल्पनेला 'सामूहिक नेणीव' म्हणून कधीच घरात घेतलंय. पाठ्यपुस्तकाला तेवढी अडचण का, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

थेरपीचं राहिलं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ सेवा, शुश्रूषा. षोडशोपचार पूजेतला 'उपचार' त्याला तंतोतंत बसतो. पण या खास पद्धतीला मी चिकित्सा म्हणेन, कारण ते इच्छादर्शक रूप आहे, त्यात जाणून घेण्याची ओढ आहे, आणि मराठीत खोदून खोदून विचारणाऱ्याला आपण चिकित्सकच म्हणतो. १८८० ते १८८२ या काळात फ्रॉइडचा मित्र डॉक्टर ब्रॉयर व्हिएन्नाच्या ज्या तरुणीवर उपचार करत होता, तिने या पद्धतीला स्वतःच नावं दिली होती: एक 'बोलण्याचा इलाज' आणि दुसरं, चेष्टेत, 'धुराडं झाडणं'. तेव्हा मथळ्याला 'नेणिवेची चिकित्सा' लिहा, आणि आत जिथे एखाद्या आजीला समजावून सांगायचं असेल तिथे 'बोलण्याचा इलाज' लिहा. सर अडून बसले तर त्यांना विचारा, 'नेणणे'सारखं 'अचेतन'चं क्रियापद कोणतं?