वाचकांचे प्रश्न : आदल्या दिवशीचा सोहळा

प्रश्न : मुलगा कॅलिफोर्नियात एम.एस. करतोय. पदवीदानाला आम्ही दोघं मे महिन्यात निघालोय. त्याच्या कृष्णवर्णीय रूममेटने आम्हाला आदल्या दिवशीच्या ‘ब्लॅक ग्रॅज्युएशन’ला आग्रहाने बोलावलंय. यांचं पदवीदान वेगळं कशाला? हा उलटा भेदभाव नाही का? आम्ही जावं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : जा की! आग्रहाचं बोलावणं आहे, आणखी काय हवं?

पदवी तिथे मिळत नाही, ती दुसऱ्या दिवशी सगळ्यांबरोबरच. हा वरचा कौतुकसोहळा, आणि त्याला सहसा कुणीही जाऊ शकतं. तुमचा आक्षेप तिकडेही आहेच. फेब्रुवारी २०२५मध्ये अमेरिकी शिक्षण खात्याने विद्यापीठांना धाडलेल्या पत्रात अशा सोहळ्यांवर बोट ठेवलं. हार्वर्डने त्याच वर्षी यांचा खर्च उचलणं थांबवलं, तर माजी विद्यार्थ्यांनी पुढाकार घेऊन कॅम्पसबाहेर सोहळा केला. मला तो आक्षेप पटत नाही. १९६२ साली जेम्स मेरेडिथ या एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला मिसिसिपी विद्यापीठात प्रवेश द्यायचा, तर दंगल उसळली, सैन्य आणावं लागलं. तेव्हा शाळेत असलेली मंडळी आज आजीआजोबा म्हणून पहिल्या रांगेत बसतात. त्यांनी नातवंडांचं कौतुक जरा मोठ्या आवाजात केलं तर बिघडलं कुठे?

कॅलिफोर्नियातल्याच ओकलंडला असताना शेजारच्या मुलीच्या सोहळ्याला मी गेले होते. सुरुवातीला एका वयस्कर बाईंनी पूर्वजांची नावं घेत कुंडीतल्या रोपाला पाणी घातलं. प्रत्येक नावाला सभागृह ‘आशे’ (आपलं ‘तथास्तु’ म्हणा ना) म्हणत होतं. मग मुलीच्या खांद्यावर आजीने केंटेचा पट्टा घातला. केंटे म्हणजे घानातल्या असांते आणि एवे विणकरांचं कापड. अरुंद पट्ट्या विणून एकमेकींना शिवतात. (हल्ली पुष्कळदा नुसतं छापील असतं, ते सोडा.) आजीने टोकं जुळवली, मागे सरून पाहिलं, परत जुळवली. मागे रांग खोळंबली होती, पण कुणी घाई केली नाही.

तुम्ही मात्र हौसेने केंटे घालू नका. तुमची साडी, कुर्ता छान. त्यांचं समूहगीत सुरू झालं की सगळे उभे राहतात, तुम्हीही राहा. भेट म्हणून फुलांचा लेई न्या. हवाईची ही हार घालायची रीत कॅलिफोर्नियात चांगलीच रुळलीय. दोन घ्या, दुसऱ्या दिवशी मुलालाही लागेल.