बडोद्यात पाळलेली कासवं सांभाळणं जमत नाहीये, सुरसागरात सोडली तर चालतील का?

भाऊ परदेशी गेला, त्याची दोन कासवं तुमच्या दांडिया बाजारातल्या फ्लॅटमध्ये आली, एकाचे डोळे सुजलेत आणि घरचे म्हणतायत सुरसागरात सोडून द्या, पुण्यच लागेल. असंच ना?

सोडू नका. सुरसागर तलावात नको, विश्वामित्री नदीत तर नकोच. आमच्याकडे लोकांनी टाकून दिलेली कासवं येत असतात, त्यामुळे हे कळकळीने सांगतोय.

आधी तुमच्याकडे काय आहे ते ओळखा. डोळ्यामागे लाल पट्टा, पाठ टणक आणि हिरवट, पोट पिवळं आणि त्यावर काळे डाग, असं असेल तर ते रेड-इअर्ड स्लायडर. मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातलं. दुकानात नाण्याएवढं दिसतं, पण मादी वाढून फूटभराची होऊ शकते आणि नीट सांभाळली तर तीस वर्षंही जगते. जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परक्या जीवांच्या यादीत याचं नाव आहे. तळ्यात सोडलंत तर एक तर ते मरेल, नाहीतर आपल्या इथल्या कासवांचं खाणं आणि ऊन खायच्या जागा बळकावेल, वर रोगही देईल.

पाठ मऊ आणि नाक नळीसारखं लांब असेल, किंवा पाठीवर मधोमध टोकदार कणा असेल, किंवा चांदण्यांची नक्षी असेल, तर मात्र ते आपल्याकडचं कासव. १९७२च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे ते घरात ठेवताच येत नाही. सरळ वनखात्याला कळवा आणि त्यांच्या ताब्यात द्या. कणावाल्याच्या डोळ्यामागेही लालसर खूण असते, म्हणून नुसता लाल रंग बघून ठरवू नका. आणि चांदण्यांचं कासव जमिनीवरचं असतं; पाण्याच्या टाकीत ठेवलंत तर बुडून मरेल.

तुमची बहुतेक स्लायडरच असतील, तसं धरून पुढचं लिहितो.

सुजलेले डोळे हे बहुधा घाण पाण्याने नाहीतर अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने होतं. वर्षानुवर्षं नुसते दुकानातले वाळलेले झिंगे घातले की हेच व्हायचं. घरातले डोळ्यांचे थेंब घालू नका. सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेला पशुवैद्य गाठा, कारण अ जीवनसत्त्व जास्त झालं तरी अपाय होतो. स्लायडर बघून खातो, दिसेनासं झालं की उपाशी राहतो. पोहताना एका बाजूला कलत असेल किंवा नाकातून बुडबुडे येत असतील तर न्यूमोनिया समजा आणि त्याच दिवशी दाखवा.

दुसरी गोष्ट उन्हाची. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन उपयोगाचं नाही, काच अतिनील किरणं अडवते. ती नसली तर कॅल्शियम अंगी लागत नाही आणि पाठ मऊ पडते. सकाळी कोवळ्या उन्हात गच्चीवर टबात ठेवा. टबाचा निम्मा भाग सावलीत हवा, बाहेर येऊन बसायला दगड हवा, आणि तुम्ही तिथेच थांबा, कावळे असतात. बडोद्याच्या मे महिन्यात मात्र दुपारी टब बाहेर राहिला तर पाणी थोड्याच वेळात इतकं तापतं की कासव दगावतं. पाठीची पातळ पापुद्री निघते ती निघू द्या, तेल चोळू नका.

खायला मेथी, गाजर, लाल भोपळा, अधूनमधून छोटी मासळी. पालक कमीच. अन्न पाण्यातच टाका, पाण्याबाहेर त्याला गिळता येत नाही. टाकी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका आणि हात लावला की साबणाने धुवा. कासवांपासून माणसाला साल्मोनेला हे पोट बिघडवणारे जंतू लागू शकतात; त्यामुळे अमेरिकेत चार इंचांहून लहान कासवं विकायला १९७५ पासूनच बंदी आहे.

आता घर शोधण्याचं. मुलीसाठी स्थळ बघतात तसं बघा. टाकी आधी तयार आहे का, फोटो मागा. दिवाळीत गावी गेले तर कोण बघणार, विचारा. मादी असेल तर नर नसतानाही ती अंडी घालते, त्यासाठी मातीची जागा लागते; ती देणार का? 'मुलाला हौस आहे' एवढंच उत्तर आलं तर नाही म्हणा. दुकानात परत देऊ नका, ते पुन्हा प्लॅस्टिकच्या डब्यात जाईल. कमाटीबागेत विचारायला हरकत नाही, पण प्राणिसंग्रहालय घरची कासवं घेईलच असं धरून बसू नका. बंदिस्त हौद असलेला आणि आधीपासून स्लायडर सांभाळणारा माणूस सगळ्यात बरा. दोन्ही नर असून भांडत असतील तर वेगवेगळ्या घरी दिलेलेच चांगले.

नेताना पाण्यात नेऊ नका. हवेची भोकं पाडलेला डबा, तळाला ओलसर फडकं, एवढं पुरे. सोबत ते काय खातं आणि कोणतं औषध चालू आहे ते कागदावर लिहून द्या. पण डोळे बरे झाल्याशिवाय कोणालाच देऊ नका. आधी डॉक्टर, मग घर.