वडिलांना पानशेतचा पूर आठवतो, सकाळची गोळी आठवत नाही. अल्झायमरचं नवीन औषध सुरू करावं का?

तुम्ही लिहिलंय की वडील ७२ वर्षांचे आहेत. पानशेतचा पूर, १२ जुलै १९६१ ची सकाळ, कुणाच्या माडीवर चढले, सगळं जसंच्या तसं सांगतात. पण गोळी घेतली का, हे दहा मिनिटांत तीनदा विचारतात. घरचे म्हणतात वय झालं, आणि तुम्हाला लेकॅनेमॅब या नव्या इंजेक्शनबद्दल विचारायचंय. औषधाचं सांगते, पण आधी मला सांगा, त्यांना ऐकू नीट येतं का?

पूर आठवतो म्हणजे मेंदू शाबूत, हा समज सोडून द्या. जुन्या आठवणी आणि नव्याने साठणाऱ्या आठवणी यांचा हिशेब वेगळा असतो. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणाला फिट्स येतात म्हणून मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणी साठवणारा, भाग काढला. त्याला लहानपणचं आठवत राहिलं, पण सकाळी भेटलेला माणूस दुपारी अनोळखी वाटायचा. अल्झायमर सहसा त्याच भागापासून सुरू होतो, म्हणून पूर राहतो आणि गोळी जाते. तेव्हा तुमची काळजी रास्त आहे, वडिलांना दाखवाच.

पण सांगितलेलं लक्षात राहत नाही याचं आणखी एक कारण असू शकतं, ते म्हणजे मुळात ऐकूच आलेलं नसणं. हे आमच्या घरात घडलंय, म्हणून एवढं लिहितेय.

बाबांनी भोसरीच्या एका प्रेसशॉपमध्ये उभी नोकरी काढली. दिवसभर पॉवर प्रेसचा दणका, कानात फार तर कापसाचा बोळा. अशा आवाजाने कान एकदम जात नाही. आधी ४००० हर्ट्झच्या आसपासचं, म्हणजे बारीक आवाजांचं, ऐकणं जातं, मग ते पसरतं. माणसाला आवाज येतो, शब्द कळत नाही. स्वर पोचतात, व्यंजनं गळतात. म्हणून बाबांना कुणी विचारलं, "ऐकू येत नाही का?" तर ते अगदी खरं उत्तर द्यायचे, "येतंय की!"

निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्यांनी भजनी मंडळात जाणं सोडलं. हरिपाठ तोंडपाठ, टाळ पक्का, तरी जाईनात. बुवा काय सुरू करतात ते कळेना आणि सारखं शेजाऱ्याला विचारायची लाज वाटायची, हे त्यांनी मला फार उशिरा सांगितलं. ते तेव्हा धायरीला दादाकडे राहायचे. तिथे बाबांनी "काय म्हणालास?" विचारलं की पहिल्यांदा कुणीतरी परत सांगायचं, दुसऱ्यांदा आवाज चढायचा, तिसऱ्यांदा "काही नाही, राहू द्या बाबा." हे "राहू द्या" मी माझ्या कानांनी ऐकलंय. ज्या माणसाशी घरातलं कुणी पुरं वाक्य बोलत नाही तो आज काय शिजलं, कोण येऊन गेलं, हे कुठून लक्षात ठेवणार? बाबा गप्प बसायला लागले आणि तेच तेच विचारायला लागले. दादा म्हणाला डिमेन्शियाच आहे, म्हणजे स्मृतिभ्रंश, वय झालंय, आता डॉक्टर तरी काय करणार.

मी हट्टाने नेलं. खोलीचं दार उघडं, बाहेर टीव्ही चालू, डोक्यावर पंखा, आणि डॉक्टरांच्या तोंडाला मास्क. मिनी-मेंटल म्हणून ३० गुणांची चाचणी असते, १९७५ पासून जगभर वापरतात. डॉक्टरांनी विचारलं, "आज वार कोणता?" बाबा म्हणाले, "चार वाजले असतील." वार आणि चार. मला समोर बसल्या बसल्या कळलं काय झालं ते. डॉक्टरांनी शून्य लिहिलं. मग तीन शब्द सांगून, थोड्या वेळाने तेच परत विचारले. आधी न ऐकलेले शब्द बाबा कुठून आणणार? ३० पैकी १७ आले. मी म्हटलं, डॉक्टर, त्यांना ऐकू आलेलं नाही. उत्तर मिळालं, "या वयात असंच असतं." कागदावर 'मध्यम डिमेन्शिया' लिहिलं, एक स्मरणशक्तीची गोळी, एक झोपेची. कुठलं हॉस्पिटल ते लिहीत नाही, पण राग अजून गेलेला नाही. झोपेच्या कित्येक गोळ्या म्हाताऱ्या माणसाचा गोंधळ वाढवतात, हे आम्हाला नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं आणि ती गोळी हळूहळू बंद केली.

त्यांनीच कान आणि रक्त तपासायला पाठवलं. ऑडिओग्रामचा, म्हणजे कानाच्या तपासणीच्या आलेखाचा, कागद मी जपून ठेवलाय. रेघ डावीकडे जरा बरी, आणि मध्यापासून कात्रजच्या घाटासारखी खाली. रक्तात बी१२ जीवनसत्त्व फार कमी निघालं. बाबा माळकरी, अंडंसुद्धा नाही, वर मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन, आणि मेटफॉर्मिनने बी१२ आणखी उतरतं. पुण्यात तर हे घरोघर आहे. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या गटाने २००६ साली पुणे आणि परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली, त्यात जवळपास दोन-तृतीयांश पुरुषांत बी१२ कमी होतं. संशोधन आपल्या रास्ता पेठेत झालेलं, तरी विसरभोळ्या म्हाताऱ्याचं बी१२ बघायचं आपल्याला सुचत नाही.

कानाच्या मशीनवरून दादाशी जे भांडण झालं ते पूर्ण मिटलेलं नाही. "ऐंशीकडे आलेल्या माणसाला एवढ्या पैशांचं मशीन? महिन्याभरात खणात पडेल." वर त्याने मला एक बातमी पाठवली, की अमेरिकेतल्या मोठ्या प्रयोगात श्रवणयंत्राने स्मरणशक्तीत फरक पडला नाही. २०२३ चा अचीव्ह नावाचा प्रयोग तो. ७० ते ८४ वयाची माणसं, तीन वर्षं. सगळे मिळून पाहिलं तर फरक दिसला नाही, हे खरं आहे. पण ज्यांचं वय जास्त होतं आणि ज्यांना हृदयविकाराचा धोका होता, अशा गटात घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. बाबा याच गटातले. दादा, तू बातमीचं फक्त शीर्षक वाचलंस. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या आयोगानेही डिमेन्शियाची टाळता येण्यासारखी १४ कारणं मोजली आहेत, त्यांत कान जाणं हे सगळ्यांत मोठ्या दोन कारणांपैकी एक आहे. दुसरं वाईट कोलेस्टेरॉल.

आणि खणाचं म्हणशील तर मशीन खणात जातं ते फिटिंगला परत नेलं नाही तर. बाबांनी पहिल्या आठवड्यात काढून ठेवलंच होतं. कुकरची शिट्टी डोक्यात घुसते म्हणायचे, भांड्यांच्या आवाजाने दचकायचे. ऑडिओलॉजिस्टने, म्हणजे कान तपासून मशीन बसवणाऱ्या तज्ज्ञाने, आवाज उतरवून दिला, पुढे थोडा थोडा वाढवला. इतकी वर्षं न पोचलेले आवाज मेंदूला एकदम सोसत नाहीत. त्या दिवसांत माणसाजवळ बसावं लागतं, पैसे देऊन काम संपत नाही. पैशांचीच अडचण असेल तर २०२४ साली आलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्यांना, उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर, अशा साधनांसाठी ३००० रुपये ठेवले होते. त्यात चांगलं डिजिटल मशीन येत नाही, पण समाजकल्याण कार्यालयात चौकशी करावी.

काही महिन्यांनी मशीन घालून, दार बंद करून तीच चाचणी परत घेतली. २२ आले.

म्हणजे बाबा बरे झाले असं नाही, हे स्पष्ट सांगते. २२ सुद्धा कमीच. एमआरआयमध्ये बारीक रक्तवाहिन्यांचे जुने बदल दिसले, विसरणं आहे, आणि ते पुढे वाढेल. बी१२ ची इंजेक्शनं आणि मशीन एकाच वेळी सुरू झाल्यामुळे फरक नेमका कशाने पडला, हेही मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण ते भजनाला परत जातात, आणि माझ्याशी फोनवर बोलतात.

आता औषध. लेकॅनेमॅब अल्झायमरमध्ये मेंदूत साठणारं अमायलॉइड नावाचं प्रथिन हटवतं. १८ महिन्यांच्या प्रयोगात घसरण २७ टक्क्यांनी मंदावली. म्हणजे गेलेलं परत येत नाही, घसरणं फक्त जरा हळू होतं. ते सुरुवातीच्या टप्प्यातल्या अल्झायमरसाठीच आहे, आणि अमायलॉइड आहे हे तपासणीत दिसावं लागतं. मेंदूला सूज किंवा बारीक रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून एमआरआय पुन्हा पुन्हा करावा लागतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर जास्तच जपावं. द्यायचं की नाही हे न्यूरोलॉजिस्टने ठरवायचं, मी नाही. पण त्याआधी बी१२, थायरॉईड, साखर, चालू गोळ्यांची यादी आणि ऑडिओग्राम झालेला हवा. मन उदास आहे का, हेही विचारा, नैराश्यातही माणूस असाच विसरतो. आणि गोंधळ दोन-चार दिवसांतच वाढला असेल तर हे सगळं बाजूला ठेवून लगेच दवाखाना गाठा, लघवीचा संसर्ग किंवा सोडियम उतरणं असू शकतं. पडून डोक्याला मार लागला असेल तर महिन्यानंतरही सांगा.

चाचणीच्या वेळी आत तुम्ही स्वतः बसा. दार लावायला सांगा, मास्क खाली घेऊन समोरून बोलायला सांगा. आणि घरातलं कुणी "या वयात कशाला" म्हणालं, तर त्यालाच वडिलांना घेऊन ऑडिओलॉजिस्टकडे पाठवा.