बीडीएस झालेल्या मुलीने डेंटल नर्सची नोकरी घ्यावी का?

प्रश्न: ताई, मी अकोल्याची, बीडीएस. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे इंग्लंडमध्ये लेस्टरला आले. मुलगी चार वर्षांची आहे. आयईएलटीएस दिली, रुग्णांवर १,६०० तास काम केल्याचे दाखले कॉलेजकडून आणि जुन्या क्लिनिककडून मिनतवाऱ्या करून मिळवले, आणि ओआरईचा, म्हणजे परदेशी डेंटिस्टना इथे नोंदणीसाठी द्याव्या लागणाऱ्या परीक्षेचा, पार्ट वन पहिल्याच फटक्यात सुटला. त्याला आता तीन वर्षं होतील. पार्ट टूची जागा मिळण्यातच बराच काळ गेला. शेवटी परीक्षा दिली आणि नापास झाले. मॅनिकिनला (पुतळ्याच्या दातांवरचं काम) पास, ऑस्कीत (पेशंटला कसं हाताळता याची प्रात्यक्षिक परीक्षा) गेले. आता इथल्या एका क्लिनिकमध्ये ट्रेनी डेंटल नर्सची नोकरी मिळतेय. आईला सांगितलं तर फोनवर रडली. "एवढा पैसा घालून डॉक्टर केलं, आणि तू दुसऱ्या डॉक्टरच्या हाताखाली थुंकी ओढत उभी राहणार?" सासूबाई म्हणतात, आधी दुसरं मूल होऊ दे. नवरा म्हणतो, तुला वाटेल ते कर. चिकाटीने फक्त अभ्यास करत राहू, की नोकरी घेऊ?

उत्तर: नोकरी घे. पगारासाठी तर घेच, पण त्याहून मोठं कारण तुझ्याच पत्रात आहे. मॅनिकिनला पास, ऑस्कीत नापास. घोडं कुठे पेंड खातंय हे तुझा निकालच सांगतोय.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: भारतातल्या डेंटिस्टला ब्रिटनमध्ये जनरल डेंटल कौन्सिलकडे नोंदणी करायची तर बहुतेकदा ओआरई द्यावी लागते. पार्ट वन लेखी. पार्ट टूमध्ये चार गोष्टी: मॅनिकिनवरचं हातकाम, ऑस्की, निदान-उपचार नियोजन आणि मेडिकल इमर्जन्सी. या पार्ट टूची फी चार हजार पौंडांच्या वर आहे, आणि बुकिंग उघडलं की जागा काही मिनिटांत संपतात.

आता तुझं बघू. हात चालतोय, म्हणजे पुन्हा सहा महिने फँटम हेडवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर, कॅपसाठी दात घासत बसलीस तर मनाला बरं वाटेल, निकाल मात्र जिथे होता तिथेच राहील. जे आपल्याला येतं त्याचाच सराव करत राहायची खोड हुशार विद्यार्थ्यांना फार असते, आणि घरचे त्यालाच चिकाटी म्हणून शाबासकी देतात. तुझी अडचण बोलण्यात आहे. इंग्रजीत नव्हे, ते तू आयईएलटीएसला सिद्ध केलंस. अडचण डॉक्टरने पेशंटशी कसं बोलायचं याची आहे. आपल्याकडे ओपीडीत पेशंट तोंड उघडतो, आपण आरसा फिरवतो आणि सांगतो, "रूट कॅनल करावं लागेल, बुधवारी या." तो मान डोलावतो. बाहेर रांग असते, कुणाचं काही चुकत नाही. ऑस्कीत समोर पेशंटची भूमिका करणारा नट बसलेला असतो. त्याला आधी विचारायचं असतं की तुम्हाला नेमकी काळजी कशाची वाटतेय. मग पर्याय सांगायचे, काहीच न करण्याचा पर्यायसुद्धा, त्यातले धोके सांगायचे, आणि निर्णय त्याच्याकडे सोपवून गप्प बसायचं. ते गप्प बसणं आपल्या डॉक्टरांना सगळ्यात जड जातं.

हे पुस्तकातून येत नाही. खुर्चीच्या पलीकडच्या बाजूला उभं राहून येतं, आणि तीच जागा तुला पगार देऊन देऊ करताहेत. हात सक्शनवर, कान संभाषणावर. आपण ज्याला १६ म्हणतो त्या दाताला इथे अप्पर राइट सिक्स म्हणतात. डेंटिस्ट बीपीईचे, म्हणजे हिरड्यांच्या तपासणीचे, आकडे पुटपुटत जाईल आणि तू ते चार्टवर चढवशील. ‘नॉट टू बॅड’ म्हणणारा माणूस रात्रभर झोपलेला नसू शकतो, हेही कळेल. एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, बँड वन, टू, थ्री या उपचारगटांचे दर पेशंटला न ओशाळता कसे सांगायचे, कन्सेंट कशी नोंदवायची, घाबरलेल्या मुलाच्या आईशी काय बोलायचं, हे सगळं रोज कानावर पडेल. घरी आल्यावर त्या दिवसाचं एक संभाषण वहीत लिही आणि नवऱ्याला पेशंट करून तेच पुन्हा बोलून बघ. त्याला कंटाळा येईल. येऊ दे.

एक ताकीद मात्र. ट्रेनी म्हणून तुला मान्यताप्राप्त कोर्सला नाव घालावं लागेल आणि काम नर्सचंच करावं लागेल. तू डेंटिस्ट आहेस हे कळल्यावर कुणी सहज म्हणेल, "जरा एवढं स्केलिंग उरकून टाक." हात कितीही शिवशिवले तरी नाही म्हण. नोंदणीशिवाय दंतवैद्यकी करणं इथे गुन्हा आहे. एवढ्याशा उपकारापायी पुढची नोंदणीच धोक्यात येईल.

आणि मंडळातल्या जाणकार काकूंचा सल्ला तपासून घे. "ओआरई कशाला? माझ्या नणंदेने सरळ हायजिनिस्ट म्हणून नोंदणी केली," असं कुणीतरी सांगणारच. तिने केली असेल, त्यात खोटं काही नाही. पण परदेशी डेंटिस्टच्या पदवीवर हायजिनिस्ट (दात-हिरड्यांची सफाई करणारी) किंवा थेरपिस्ट (साधे उपचारही करणारी) म्हणून नोंदणी करण्याची वाट ८ मार्च २०२३ ला बंद झाली. डेंटिस्ट म्हणून नोंदणीचा उघडा असलेला दुसरा दरवाजा म्हणजे रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्स ऑफ इंग्लंडची एलडीएस परीक्षा. तिच्या अटी, फी आणि तारखा आत्ताच वाचून ठेव. पार्ट टू पुन्हा हुकल्यावर रडत रडत वाचायची ती गोष्ट नाही.

आता वेळेचा हिशेब. पार्ट वन पहिल्यांदा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत पार्ट टू पास व्हावं लागतं. तुझी तीन गेली, म्हणजे हाताशी साधारण दोन, आणि त्यातला किती काळ जागेची वाट बघण्यात जाईल ते तुझ्या हातात नाही. म्हणून दोघांनी बसून आजच ठरवा: या कामासाठी आणखी किती पौंड आणि कुठल्या महिन्यापर्यंत. कागदावर लिहा. आधी लिहिलेली मर्यादा पाळता येते. नापास झालेल्या संध्याकाळी ठरवलेली कधीच पाळली जात नाही, माणूस एकतर सगळं सोडून देतो नाहीतर हट्टाने कर्ज काढतो. ती तारीख उलटली तर डेंटल पब्लिक हेल्थ, क्लिनिक मॅनेजमेंट अशा वाटा आहेत, आणि तिथेही तुझी पदवी वाया जात नाही. दुसऱ्या मुलाचा विचारही तुम्ही दोघांनी याच कागदासमोर बसून करा. सासूबाईंना नंतर कळवलंत तरी चालेल.

नवरोबांसाठी दोन शब्द. "तुला वाटेल ते कर" हे ऐकायला उदार वाटतं, पण त्यात सगळं ओझं तिच्यावरच राहतं. मुलीला नर्सरीतून कोण आणणार, शनिवारची सकाळ कुणाची, ताप आला तर रजा कोण टाकणार, हे बोला. एक अख्खा शनिवार अभ्यासाला मोकळा मिळाला तर तो दहा प्रोत्साहनपर मेसेजपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

राहिली आई. तिला पटवत बसू नकोस. तिने पै-पै करून फी भरली, तिच्या डोळ्यांसमोर तुझ्या नावाची पाटी आहे, आणि शेजारणीला काय सांगायचं हाही प्रश्न आहे. तिला एवढंच सांग की ज्या भागात मार्क कमी पडले त्याची तयारी या नोकरीत होते, वर पगारही मिळतो. शेजारणीला "इंग्लंडच्या क्लिनिकमध्ये लागली" म्हणून सांगितलं तर ते शंभर टक्के खरंच आहे.

पार्ट टूचं बुकिंग ज्या दिवशी उघडेल त्या दिवशी नवऱ्याने रजा टाकावी. दोन लॅपटॉप, कार्ड आधीच बाहेर काढलेलं, पासवर्ड आदल्या रात्री तपासलेला. आणि नेमका तेव्हाच अकोल्याहून फोन आला, तर तो जावयाने घ्यावा.