होडी ठरवायची तर आधी तिथी बघा

प्रश्न : ताई, आम्ही दोन फॅमिली मिळून नऊ जण डिसेंबरच्या सुट्टीत मालवणला चाललोय, त्यात ७२ वर्षांच्या सासूबाई आणि दोन लहान मुलं. आख्खी होडी दिवसभर भाड्याने घेऊन किल्ला, डॉल्फिन, त्सुनामी आयलंड, स्नॉर्कलिंग सगळं एका दिवसात उरकायचं डोक्यात आहे. एक जण व्हॉट्सअॅपवर पूर्ण ॲडव्हान्स मागतोय, देऊ का? आणि यांना होडी स्वतः चालवायची हौस आहे, मिळते का?
— एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : हौसेचं आधी सांगून टाकते, नाही मिळत. तिकडे होडी म्हणजे तांडेलासकट, म्हणजे होडी चालवणाऱ्यासकट होडी, आणि तेच बरं आहे कारण सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवती पाण्याखाली एवढे खडक आहेत की जेट्टीवरून समोर अर्ध्या किलोमीटरवर दिसणाऱ्या किल्ल्याकडेसुद्धा होडी सरळ जात नाही, वळणं घेत जाते. महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर किल्ला बांधायला घेतला तो काय उगाच का! यांना म्हणावं तांडेलाशेजारी बसा आणि फोटो काढून घ्या.

पूर्ण ॲडव्हान्स अजिबात देऊ नका. हे मी स्वतःच्या खिशाला चाट बसल्यावर सांगतेय. तीन वर्षांपूर्वी आम्ही असेच इथून सगळे पैसे पाठवून मालवणजवळच्या देवबागला गेलो, एजंटने "दुपारी दोनला होडी" म्हटलं, आम्ही खूष, मासे हाणून आरामात निघालो. दिवस पौर्णिमेचा. आता महेश्वरच्या घाटावर होडीत कधीही बसा, नर्मदा काही तासाभरात आटत नाही, त्यामुळे आपल्या इंदुरी डोक्यात भरती-ओहोटी येतच नाही. साडेचारला परत येताना कर्ली नदीच्या मुखाशी होडी खालून खर्र खर्र वाजली आणि थांबली. तांडेलाने बांबू टोचून पाहिला, गुडघाभरसुद्धा पाणी नाही, बांबू वर काढला तर टोकाला नुसती ओली वाळू. तो शांतपणे म्हणाला, "वायच थांबा, पाणी येवंदे." हे वायच म्हणजे दोन तास! अंधार पडला, मुलं रडकुंडीला, जवळ फक्त घरून नेलेली सेव, तीही दमट झालेली. चंद्र मात्र मस्त उगवला होता.

तेव्हा त्या तांडेलाने शिकवलेला हिशोब तुम्हाला देते, कोकणात जुन्या लोकांना तोंडपाठ असतो. तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, पहाटे तीनला आणि दुपारी तीनला भरती, आणि त्याच्या साधारण सहा तास आधी म्हणजे सकाळी नऊला ओहोटी पूर्ण. शुक्ल असो की कृष्ण, दोन्ही पक्षांत सारखंच. पौर्णिमेचे पंधरा धरले की येतात सव्वाअकरा, म्हणजे दुपारी दोननंतर पाणी उतरतच जाणार होतं आणि आम्ही नेमके तेव्हाच निघालो! रोज वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. हा अंदाज आहे, मिनिटावर जाऊ नका, नक्की वेळ तांडेलालाच विचारा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा फरक कमी.

म्हणून खाडीची सफर चढत्या पाण्यात ठेवा. शक्य असेल तर चतुर्थी-पंचमीच्या सुमाराचा दिवस धरा, साडेनऊला निघा, एकपर्यंत परत. त्सुनामी आयलंड म्हणजे खाडीच्या मुखाशी असलेला वाळूचा पट्टा, भरतीला बराचसा बुडतो, त्यामुळे नऊ-दहाला पाय ठेवायला वाळू मिळते आणि परत फिरताना होडीखाली पाणी असतं. शिवाय सकाळी जमिनीवरून मतलई वारा असतो, समुद्र गुळगुळीत, डॉल्फिन दिसायचे तर तेव्हाच, दुपारनंतर खारा वारा सुटला की लाटा वाढतात. डॉल्फिन दिसला की इंजिन मंद करायला सांगा, मागे धावायचं नाही, कायद्याने संरक्षित प्राणी आहे तो.

किल्ला त्याच दिवशी कोंबू नका हो. मालवणच्या जेट्टीवरून तिकिटाच्या होड्या सुटतात, त्याला स्पेशल होडी कशाला? पण परतीची वेळ ठरवून देतात आणि घाई होते, म्हणून शिवराजेश्वराचं देऊळ आणि महाराजांच्या हाता-पायाचे ठसे आधी बघा, दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी नंतर. चारही बाजूंनी खारट पाणी आणि मधोमध गोड्या पाण्याच्या विहिरी, मुलांना हेच जास्त आवडेल. सासूबाईंना होडीत चढवायचं काम भरतीच्या जवळपास करा, ओहोटीला होडी खाली जाते आणि पाय लांब टाकावा लागतो.

भाडं माणशी ठरवू नका, आख्ख्या होडीचं ठरवा, कुठे कुठे थांबणार आणि किती वेळ ते बोलून घ्या. होडीला सागरी मंडळाचं लायसन आहे का, किती माणसं न्यायची परवानगी आहे ते बघा, आणि लहान मुलांच्या मापाची जॅकेटं आहेत का हे आदल्या संध्याकाळीच डोळ्यांनी पाहून या. "आहेत आहेत" म्हणतात आणि मग मोठ्यांचं जॅकेट पोराच्या गुडघ्यापर्यंत! तारकर्लीला २०२२ च्या मे मध्ये पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला होता.

जायचं इंदूरहून अवंतिका एक्स्प्रेसने मुंबई, पुढे कोकण रेल्वेने कुडाळ, तिथून मालवण तासाभरावर.

प्रश्न : आम्हाला मे अखेरच सुट्टी मिळते, तेव्हा गेलो तर?
— सुदामानगर, इंदूर

उत्तर : मे संपता संपता प्रवासी होड्या बंद होतात त्या ऑगस्ट संपेपर्यंत. किल्ला जेट्टीवरूनच बघून परत यावं लागेल. आंबे खायला जा खुशाल.

प्रश्न : मला बोट लागते. काय करू?
— एक वाचक, वडोदरा

उत्तर : रिकाम्या पोटी बसू नका आणि तुडुंब खाऊनही नको, दोन इडल्या बास. होडीच्या मधोमध बसा, मोबाईल खिशात, नजर लांब क्षितिजावर. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून आणि निघायच्या आधी, उलटी सुरू झाल्यावर घेतलेली पोटात राहत नाही.

प्रश्न : माझं बालपण महेश्वरला गेलं, नर्मदेत पोहलोय. मलाही जॅकेट घालायला लावतात, कमीपणा वाटतो.
— राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : काका, नर्मदेत हात मारत राहिलं की कधी ना कधी काठ लागतो. खाडीच्या मुखाशी ओहोटीची ओढ सरळ समुद्राकडे असते, तिकडे काठ नाही. घाला जॅकेट. फोटोत पोट दिसत नाही, तोही फायदा.