डब्यावर कुंकू लागलं, आता परत घेतील का?

"मॅडम, डब्यावर कुंकू लागलं असेल तर परत घेतील का?"

मी समुपदेशक, आणि माझ्या खोलीत येऊन बसल्यावर लोक पहिलं वाक्य काय बोलतात त्याची मी मनातल्या मनात एक यादी ठेवलीये, आणि हे वाक्य त्यात बरंच वर आहे. मुलगा 27 वर्षांचा, नाशिकचाच, नाव सांगत नाही, तपशील थोडे इकडचे तिकडे केलेत, आणि लिहू का म्हणून त्याला विचारलंय. तो म्हणाला लिहा, फक्त मी येडा वाटेन असं लिहू नका. तर तो येडा नव्हता हे आधीच सांगून टाकते.

गोष्ट 2024 च्या दसऱ्याची. पठ्ठ्यानं कॉल सेंटरची नोकरी सोडून घरून सबटायटलचं काम सुरू केलं होतं, हिंदी-मराठी दोन्ही, आणि त्यासाठी एका मोठ्या अमेरिकन कंपनीचा लॅपटॉप घेतला, 8 जीबी रॅमवाला (रॅम म्हणजे यंत्राला काम करताना लागणारी मेमरी), किंमत 99,900 रुपये, 12 महिन्यांचा ईएमआय. लॅपटॉप आला 9 ऑक्टोबरला. दुकानानं दहा दिवसांत परत करायची सोय दिली होती (ही सोय आपल्याकडं सगळीकडं नसते बरं का, बऱ्याच ठिकाणी वस्तू खराब निघाली तरच बदलून देतात, नुसतं मन बदललं म्हणून कुणी उघडलेला लॅपटॉप परत घेत नाही, तेव्हा घ्यायच्या आधी ते बारीक अक्षरातलं वाचा). म्हणजे 19 तारखेपर्यंत मुदत. आणि 12 तारखेला दसरा, आईनं हळद-कुंकवाचं ताट आणलं, झेंडूचं फूल आणलं, आता नवीन यंत्र घरात आलंय म्हटल्यावर पूजा होणारच ना. ह्यानं लॅपटॉप पुढं केलाच नाही. परत करायला लागला तर? म्हणून त्यानं आईला डब्यावर कुंकू लावायला लावलं. आणि रात्री झोप येईना म्हणून ओल्या फडक्यानं ते पुसायला गेला तर पांढऱ्याशुभ्र डब्यावर हा एवढा गुलाबी फराटा.

15 तारखेला तो माझ्याकडं आला तो डबा घेऊनच, साडीच्या दुकानाच्या कापडी पिशवीत. मी म्हटलं बघू तरी. त्यानं झाकण उचललं, लॅपटॉप काढला, उघडला, आणि कीबोर्ड आणि स्क्रीनच्या मधे तो पातळ पांढरा कागद असतो ना, तो दोन बोटांनी असा उचलला जणू गरम पापड तव्यावरून काढतोय. बाजूला ठेवला. मला स्क्रीन दाखवली. परत तोच कागद त्याच घडीवर ठेवला आणि बंद केला. सहा दिवस हे चालू होतं, रोज रात्री उघडायचा, बघायचा, कागद घालून ठेवून द्यायचा. आणि काम कशावर, तर 2017 च्या जुन्या लॅपटॉपवर, ज्याची बिजागरी तुटलीये म्हणून स्क्रीन लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवावी लागते.

का? तर त्या महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात एक व्हिडिओ फिरत होता, त्या कंपनीनं जाहीर करायच्या आधीच कुणीतरी नव्या लॅपटॉपचा डबा उघडून दाखवला होता. नवीन चिप येतेय, नवीन मॉडेल येतंय, आत्ता घेणारे मूर्ख, वगैरे वगैरे. ह्यानं तो व्हिडिओ आणि त्यावरचे व्हिडिओ आणि त्यावरच्या व्हिडिओंवरचे व्हिडिओ सगळे पाहिले होते. गंमत अशी की तो लीक ह्याच्या मॉडेलचा नव्हताच, वरच्या महागड्या मॉडेलचा होता. ह्याच्या मॉडेलबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता माझी चूक सांगते. मी पहिली वीस मिनिटं फार हुशारीनं वागले. मला वाटलं, हां, कळलं, ह्याला स्वतःच्या नवीन कामाची भीती वाटतेय आणि लॅपटॉपचा निर्णय लटकवून हा काम लटकवतोय, आमच्या पुस्तकात असतंच असं. मी तसं आडून आडून विचारलं. तो म्हणाला, "मॅडम काम तर जोरात चालूए, रात्री दोनपर्यंत, बरणीला टेकवून." संपलं. माझ्या थिअरीचं लोणचंच.

मग मी सरळ विचारलं, समजा ठेवलास आणि उद्या नवीन आला, तर पहिलं कोण बोलेल आणि काय बोलेल? एक सेकंद न थांबता म्हणाला, "पप्पा. थांबायला काय झालं होतं तुला?" आणि मग निघालं सगळं. पहिल्या पगाराचा फोन घेतला होता, पंधरा दिवसांनी सेलमध्ये तीन हजारानं उतरला, आणि त्या तीन हजाराची गोष्ट आजपर्यंत प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला सांगितली जाते, हसत हसत, प्रेमानं, पण सांगितली जातेच. आपल्याकडं नवीन वस्तू घरात आली की पहिला प्रश्न "कशी आहे" हा नसतोच, "कितीला पडली" हा असतो, आणि उत्तर काहीही द्या, समोरच्याच्या मेव्हण्याला ती दोन हजार कमीत मिळालेली असते. ह्या पोराला 8 जीबी की 16 जीबी हा प्रश्न पडलाच नव्हता. पुढची दहा वर्षं लग्नात कुठली गोष्ट सांगितली जाणार, हा प्रश्न होता.

तरीपण लॅपटॉपचा प्रश्न हा लॅपटॉपचाही असतो, सगळंच मनाचं असतं असं म्हणून लोकांना घरी पाठवणारे समुपदेशक मला आवडत नाहीत. म्हणून आम्ही कागद घेऊन बसलो. मी विचारलं की तुझं आत्ताचं काम ह्या मशीनवर नीट होतं का, तर होतं, सबटायटलला फार ताकद लागत नाही, एक व्हिडिओ, एक टाइप करायची खिडकी, ब्राउजर. पुढच्या दोन वर्षांत व्हिडिओ एडिटिंगमध्ये जायचंय का, तर नाही. हे विचारणं गरजेचं होतं कारण ह्या लॅपटॉपमध्ये रॅम आतच पक्की बसवलेली असते, "आत्ता घेऊ, नंतर वाढवू" हा आपला लाडका प्लॅन तिथं चालतच नाही, आणि हल्ली बऱ्याच पातळ लॅपटॉपचं तसंच असतं, मग ते कुठल्याही कंपनीचे असोत. जे नंतर वाढवता येत नाही ते आधीच पुरेसं आहे ना एवढं बघायचं, बाकी ठिकाणी कात्री लावली तरी चालते. मग थांबलास तर काय होईल ते विचारलं. तर बरणी. रोज दीड-दोन तास वाया, कारण जुनं यंत्र मधेच अडकतं आणि पंखा मिक्सरसारखा ओरडतो. शिवाय विंडोज 10 चा सपोर्ट, म्हणजे कंपनीकडून येणारे मोफत अपडेट, 14 ऑक्टोबर 2025 ला संपणार हे तेव्हाच जाहीर झालेलं होतं आणि त्याचा 2017 चा प्रोसेसर विंडोज 11 च्या यादीत बसत नव्हता, म्हणजे जुन्याला तसंही वर्षच उरलेलं. आणि शेवटचं, ज्याची वाट बघतोयस ते जाहीर झालंय का, तारीख आणि किमतीसकट? नाही. व्हिडिओ आहे. अफवेची वाट बघायला लागलो तर एसटी स्टँडवर बसून विमानाची वाट बघितल्यासारखं आहे.

मी त्याला ॲडम ऑस्बोर्नची गोष्ट सांगितली. 1981 मध्ये ह्या माणसानं सोबत नेता येईल असा कॉम्प्युटर विकायला काढला, ऑस्बोर्न 1, साधारण 11 किलो वजन, पाच इंची स्क्रीन, 1795 डॉलर, आणि तो धडाधड खपला. मग 1983 मध्ये त्यानं पुढचं मॉडेल तयार व्हायच्या आतच त्याचं कौतुक करायला सुरुवात केली, झालं, दुकानदार म्हणाले मग आम्ही जुना कशाला घेऊ, ऑर्डरी रद्द, आणि त्याच वर्षी कंपनी दिवाळखोरीत. कारणं आणखीही होती म्हणतात, पण नाव ह्याच गोष्टीला पडलं, ऑस्बोर्न इफेक्ट. ह्या माणसाचं बालपण तामिळनाडूत गेलं आणि शेवटची वर्षंही तिथंच, कोडाईकनालला, 2003 मध्ये तिथंच गेला. पोराला गोष्ट आवडली, पण म्हणाला, मॅडम ह्यात माझं काय? म्हटलं एवढंच, की "पुढचं येतंय" ह्या दोन शब्दांनी अख्खी कंपनी बसते, तू तर एकटा आहेस.

मला त्याला खरं सांगायचं होतं ते दुसरंच. हार्वर्डमध्ये गिल्बर्ट आणि एबर्ट ह्या दोघांनी एक प्रयोग केला होता, 2002 मध्ये छापून आला. फोटोग्राफी शिकणाऱ्या मुलांनी स्वतः काढलेले दोन फोटो मोठे प्रिंट केले, त्यातला एक स्वतःला ठेवायचा, एक देऊन टाकायचा. काहींना सांगितलं की आत्ता काय ते ठरवा, नंतर बदलून मिळणार नाही. काहींना सांगितलं की काही दिवसांत मन बदललं तर बदलून घ्या. ज्यांना बदलायची सोय होती त्यांना आपला फोटो कमी आवडला. आणि तुम्हाला कुठली अट आवडेल असं विचारलं तर मुलं बदलायची सोयच मागत होती. मी हे सांगत होते आणि तो त्या दोन घड्यांच्या कागदाकडं बघत होता.

मी त्याला "ठेव" असं म्हटलं नाही. हे मुद्दाम सांगते कारण लोकांना वाटतं समुपदेशन म्हणजे समाधान मानायला शिकवणं. मागं एक आर्किटेक्चरची मुलगी आली होती, तिनं असाच 8 जीबीचा, रॅम न वाढणारा लॅपटॉप घेतला होता आणि तिचं सगळं काम थ्रीडीचं, तिला मी म्हटलं बाई इथं माझ्यासमोर बसून रिटर्नचं बटण दाब आणि मग बोलू. ह्याला मी म्हटलं, 18 तारखेपर्यंत तो कागद बाजूला ठेव आणि ह्याच लॅपटॉपवर काम कर. व्हिडिओ एकही बघायचा नाही. तीन दिवस वापरून पटला नाही तर परत दे, गुलाबी डब्यासकट, दुकानवाले डब्याचं काय म्हणतात ते बघू.

कागद काढायला तो तयारच होईना. "एकदा काढला की गेला." म्हटलं फेकू नकोस, पाकिटात ठेव. खरंच पाकिटात ठेवला, घडी करून.

18 ला आला तेव्हा डबा आणला नव्हता. लॅपटॉप आणला होता, सॅकमध्ये, कव्हर नाही काही नाही, जेवणाच्या डब्याशेजारी. दोन एपिसोड करून दिले म्हणाला, तेही रात्री अकराच्या आत. 19 तारीख आली आणि गेली. मला वाटलं केस संपली, फाइल बंद.

30 ऑक्टोबरला रात्री कंपनीनं जाहीर केलं की आता त्याच मॉडेलमध्ये 8 ऐवजी 16 जीबी रॅम मिळणार. किंमत तीच. 99,900.

मी मेसेज पाहिला 31 ला सकाळी, नरकचतुर्दशी, उटण्याचे हात धुऊन फोन घेतला तर त्याचा नुसता स्क्रीनशॉट. खाली एक अक्षर नाही. खरं सांगू, मी पाच मिनिटं त्या फोनकडं बघत बसले, कारण काय बोलणार? बिचारा व्हिडिओवाल्या नव्या चिपला घाबरत होता आणि फटका बसला तो ज्याबद्दल त्या व्हिडिओत चकार शब्द नव्हता तिकडून. अकरा दिवस आधी परत केला असता तर त्याच पैशात दुप्पट रॅम मिळाली असती, आणि तो परत करू का हेच विचारायला माझ्याकडं आला होता. आमच्या धंद्यात सांत्वनाची वाक्यं तयार असतात, ती टाइप केली, खोडली. शेवटी लिहिलं, "वाईट वाटलं रे. फोन करू का?"

फोनवर तो चिडलेला होता, पण जसा मला वाटला होता तसा नाही. म्हणाला, जुन्या लॅपटॉपवाल्या दुकानात विचारून आलो सुद्धा, विकायचा झाला तर वीसेक हजार कमी देतायत. एवढे घालून काय मिळणार, तर जी रॅम मला आत्ता लागत नाही ती. आणि मग म्हणाला, "मॅडम राग आलाय, पण ह्या वेळेस माझा मला नाही आलाय." मी विचारलं, आणि माझा? हसला. "तुमचा थोडा." ते रास्तच होतं. मला कुणी विचारलं तर मी आजही तोच सल्ला देईन, पण त्या सकाळी चकली घशाखाली उतरत नव्हती हेही तितकंच खरं.

पुढचं सांगायचं तर मार्च 2025 मध्ये त्याच 99,900 ला दोन पिढ्या पुढची चिप आणि 16 जीबी असं नवीन मॉडेल आलं. म्हणजे थांबणाऱ्याला काहीतरी जास्त मिळतंच, नेहमीच मिळतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण ऑक्टोबर ते मार्च बरणीला टेकवून. असल्या गोष्टी घेऊन लोक माझ्याकडं फोनसाठी येतात, गाडीसाठी येतात, फ्लॅटसाठी येतात, आणि हो, स्थळांसाठी पण येतात, "अजून एक चांगलं आलं तर?" म्हणत, आणि तिथं तर रिटर्नची मुदतही कुणी देत नाही.

दिवाळीनंतर तो एकदाच आला. भाऊबीजेला मामा आला होता म्हणे, लॅपटॉप बघितला आणि ठरल्याप्रमाणे, "कितीला पडला रे?" ह्यानं आकडा सांगितला आणि पप्पा तोंड उघडायच्या आत स्वतःच म्हणाला, "आणि आता त्याच किमतीत डबल मेमरी मिळतेय, मी तीन आठवडे आधी घेतला." मामा म्हणाला मग थांबायचं ना. ह्यानं मामापुढं चिवड्याची ताटली सरकवली. पप्पा काहीच बोलले नाहीत, बोलायला ह्यानं काही शिल्लकच ठेवलं नव्हतं.

मी विचारलं, आणि तो डबा? म्हणाला आईनं घेतला, पणत्या भरून माळ्यावर टाकलाय. लक्ष्मीपूजनाला तिनं लॅपटॉपलाच कुंकू लावलं, बरोब्बर मधोमध. मी बघितलं तर खरंच, झाकणावर पुसट लाल ठिपका होता, आणि त्यानं तो पुसलेला नव्हता.