हॅरी केनला चार क्लबांकडे का धाडले?

प्रश्न : इंग्लिश फुटबॉलपटू हॅरी केन हा लंडनच्या टॉटेनहॅम क्लबासाठी सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला, तर मग त्याच क्लबाने उमेदवारीच्या काळात त्याला चार वेगवेगळ्या क्लबांकडे का धाडले? प्रशिक्षकांची पारख चुकली असे म्हणावे काय?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : केनला ‘लोन’वर पाठवले होते. या पद्धतीत खेळाडूचा करार मूळ क्लबाशीच राहतो, पगाराचा किती भार कोणी उचलायचा हे दोन्ही क्लब आपसांत ठरवतात आणि मुदत संपली की खेळाडू परत येतो. युवा संघांच्या सामन्यांत खालच्या श्रेणीत घसरण्याची टांगती तलवार नसते. त्यामुळे सतरा-अठरा वर्षांच्या मुलाचा खरा कस लागावा म्हणून त्याला जिथे प्रत्येक गुणासाठी झुंज चालते अशा संघात पाठवतात.

जानेवारी 2011 मध्ये सतरा वर्षांचा केन तिसऱ्या श्रेणीतील लेटन ओरिएंटकडे गेला आणि तिथे त्याने 18 सामन्यांत 5 गोल केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हार्ट्स या स्कॉटिश क्लबाविरुद्ध तो टॉटेनहॅमकडून प्रथमच खेळला, पेनल्टी त्यानेच मिळवली आणि मारलीही, पण गोलरक्षकाने ती अडवली. सर्वांत मोलाचे ठरले ते 2012 च्या पूर्वार्धातील मिलवॉलचे महिने. तो संघ दुसऱ्या श्रेणीतून खाली घसरण्याच्या बेतात होता, तिथला प्रेक्षक पोरसवदा खेळाडूची गय करणारा नव्हे, आणि अशा ठिकाणी केनने 9 गोल केले. त्या दिवसांचे ऋण त्याने पुढे स्वतःही मान्य केले आहे. नॉर्विचमध्ये मात्र पायाचे हाड मोडल्याने तो हंगाम जवळजवळ वाया गेला, आणि लेस्टरमध्ये बराचसा वेळ राखीव खेळाडूंच्या बाकावरच गेला.

पारखीचे म्हणाल तर 2013 पर्यंत शंका घ्यायला जागा होती, कारण त्याचा वेग बेताचा वाटत असे आणि शेवटच्या दोन लोनमधून सांगण्याजोगे काही हाती लागले नव्हते. मात्र त्या उन्हाळ्यात क्लबाने स्पॅनिश आघाडीपटू रोबेर्तो सोल्दादोवर सुमारे 2 कोटी 60 लाख पौंड खर्च केले, तेव्हा घरचा मुलगा मागे पडला हेही खरे. युवा खेळाडूंना जवळून ओळखणारे टिम शेरवूड व्यवस्थापक झाल्यावर 7 एप्रिल 2014 रोजी संडरलंडविरुद्ध केन प्रीमियर लीगच्या, म्हणजे इंग्लंडमधील सर्वोच्च श्रेणीच्या, सामन्यात प्रथमच सुरुवातीपासून मैदानात उतरला आणि त्याने गोलही केला. त्यांच्यानंतरचे व्यवस्थापक मॉरिसियो पोचेतिनो यांनीसुद्धा लीगमध्ये आधी त्याला बहुतेक वेळा बदली खेळाडू म्हणूनच वापरले. 2 नोव्हेंबर 2014 रोजी ॲस्टन व्हिलाविरुद्ध तसाच उतरून त्याने अखेरच्या क्षणी फ्री किकवर विजयी गोल केला, तेव्हा कुठे त्याची जागा पक्की झाली. तो हंगाम त्याने एकूण 31 गोलांवर संपवला.